कामूनची वही

आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, माणसाची पारख करायला दोनच वाक्यं होती. धंद्यात एखादी गोष्ट जमली की "डोकं लावलं!" आणि फसली की "डोकं कुठं गेलतं?" भारत मॅच जिंकला की कप्तानानं डोकं लावलेलं असे, हरला की त्याच कप्तानाचं डोकं कुठंतरी गेलेलं असे. आमच्या शेजारच्या टेलरनं दुकानाला भडक पिवळा रंग दिला आणि नेमकं त्याच महिन्यात त्याला शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. आबांनी त्या पिवळ्या रंगालाही डोकं असल्याचं मान्य केलं. तिसरं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मानवतला आमचं भांड्यांचं दुकान आहे. ते मानवतलाच का, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. तरुणपणी आबा दुकान टाकायचं म्हणून गावातून निघाले आणि देवगाव फाट्यावर आले. एका अंगाला जिंतूरचा रस्ता, दुसऱ्या अंगाला सेलू-पाथरीवरून मानवतचा. जिंतूरला मावसभाऊ होता, त्यानं जागासुद्धा बघून ठेवली होती. पण आबा फाट्यावर अर्धा तास उभे राहिले, दोन्ही बाजारपेठा मनात तोलल्या, मानवतचा कापूस आठवला, कापूस विकून हातात पैसा आलेला माणूस आधी पोरीचं लग्न काढतो हे आठवलं, आणि जिंतूर सोडून मानवतच्या एस्टीत बसले. "अर्धा तास," आबा बोट वर करून सांगत, "पण डोकं लावलं." पाहुणे आले की चहाबरोबर ही गोष्ट मिळायचीच. माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा हुंड्या-मानपानाचा विषय निघायच्या आधी देवगाव फाटा निघाला होता.

दुकानात आम्ही तिघं. आबा, मी आणि वहिनी. थोरला भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्याला दुकानातल्या पातेल्यांपेक्षा वर्गातली पोरं बरी वाटतात. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा दुपारचा डबा द्यायला दुकानात यायच्या. डबा द्यायला आल्या की गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायच्या. मग दोनाचे चार झाले, आणि एक दिवस आबांच्या लक्षात आलं की बायामाणसं दुकानात येऊन "त्या सूनबाई हायत का?" असं विचारतात. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, तशा वहिनी आबांना मामा म्हणतात. "मामा, तुमी पडा घटकाभर, मी बसते," असं म्हणत म्हणत त्या दुकानात कायमच्याच बसल्या.

दुकानात एक पिशवी आहे. तपकिरी रेक्झिनची, आबांनी दुकान टाकलं तेव्हाची, चेन तुटकी. घाऊक बाजारात माल घ्यायला जाणारा माणूस ती पिशवी घेऊन जातो, आणि काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे पिशवीवाला ठरवतो. दसऱ्याला आम्ही तराजूची, नाव घालायच्या मशीनची आणि या पिशवीची पूजा करतो. पूजा झाली की आबा पिशवी उचलून वर्षभरासाठी एकाच्या हातात देतात. सहा वर्षं त्यांनी ती वहिनींच्या हातात दिली होती. सुनेच्या हातात खरेदीची पिशवी, यावरून पेठेत थोडी कुजबुज झाली, पण माल खपत होता, त्यामुळं आबांच्या मते त्यांनी डोकं लावलेलं होतं.

वहिनींची एक वही होती. कोणताही माल घ्यायच्या आधी त्या तीत एका बाजूला माल लिहीत आणि दुसऱ्या बाजूला "कामून". कामून म्हणजे का, कशासाठी. आमच्या भागात पोरगं बोलायला लागलं की आधी कामून शिकतं आणि मग घरच्यांना सळो की पळो करतं. वहिनींचं ते वय गेलंच नाही, असं मी त्यांना चिडवायचो. "पितळी समया, कामून: तीन बाया विचारून परत गेल्या." "मोठे कुकर, कामून: उसाला जाणारी माणसं परत आली, एकत्र सैपाक सुरू." आबा त्या वहीला हसायचे. "खपलं का न्हाई ते बघावं. कामून बघून काय करायलीस?" वहिनी म्हणायच्या, "मामा, खपल्यावर मला सगळंच खरं वाटतंय. म्हणून आधी लिहून ठिवते."

आता माझ्याकडं येतो. नाव घालायची मशीन माझ्याकडं असे. पेनासारखी हातात धरायची, बटण दाबलं की टर्रर्र करत स्टीलवर अक्षरं उमटतात. आमच्याकडं लग्नातलं भांडं नावाशिवाय देणं म्हणजे पाकिटाशिवाय आहेर देण्यासारखं आहे. कोणी दिलं ते भांड्यानं पुढची पन्नास वर्षं ओरडून सांगितलं पाहिजे. माझं अक्षर चांगलं, हात सफाईचा, आणि कान बेताचे.

माघातली गोष्ट. वहिनी माहेरी गेल्या होत्या, आबा झोपले होते, आणि दुकानाच्या फोनवर जवळच्या एका गावातून फोन आला. मागं कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी, घरघर घरघर.

"एकावन्न ताटं पायजेत. मोठी," तो माणूस ओरडला. "मामाकडून, लिवा."

"लिवतो की," मी म्हणालो.

"मामाकडून, बरं का. नीट लिवा."

"लिवतो हो मामा. परवा या."

मी बसलो आणि एकावन्न ताटांवर नीट लिहिलं. नुसतं "मामाकडून" ओकंबोकं दिसत होतं, म्हणून "सप्रेम भेट" हे मी पदरचं घातलं. दुपारी सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. शेवटच्या ताटापर्यंत बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्या नादात एकावन्नाव्या ताटावर "मामाकडू" लिहून, थोडी जागा सोडून, मी पुढं "सप्रेम भेट" लिहून टाकलं. शेवटचा 'न' राहून गेला. मामा कडू, सप्रेम भेट. आमच्याकडं कडू ही शिवी आहे, खवट आणि नालायक माणसाला देतात. ते ताट मी सगळ्यांत खाली घातलं.

परवा जो माणूस आला तो आचारी निघाला. पंगतींचा सैपाक करणारा. पंचक्रोशीत लहानथोर त्याला मामा म्हणतात. ऑर्डर "मामाकडून" आहे, असं कागदावर लिहून ठेव, एवढंच त्याला सांगायचं होतं.

त्यानं एक ताट हातात घेतलं, वाचलं, दुसरं घेतलं, वाचलं, आणि कपाळाला हात लावला. "अवो, ही पंगतीची ताटं हायत! मानसं जेवतील, ताट धुतील आन् बगलंत मारून घरी नेतील की! सप्रेम भेट म्हणून लिवलंय वर!"

वहिनी त्याच दिवशी माहेराहून आल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, आचारीमामांना चहा सांगितला, कोरी एकावन्न ताटं बांधून दिली आणि त्यांना हसत हसत वाटेला लावलं. मग माझ्याकडं वळल्या.

"मामांना सांगायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बी न्हाई सांगत. ताटं माळ्यावर टाका भाऊजी."

मी ताटं माळ्यावर चढवली आणि वर जुनी सतरंजी टाकली. वाचलो, एवढंच मला वाटलं.

त्याच माघात वहिनींनी ड्रम घेतले. दोनशे लिटरचे निळे प्लॅस्टिकचे ड्रम, पाणी साठवायचे. वहीत अर्धं पान भरून कामून होतं. तीन उन्हाळे लागोपाठ टँकर आले. गावातल्या विहिरी आताच तळाला गेल्यात, हे त्यांनी येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारून लिहिलं होतं. ड्रमचा भाव चैत्रात चढतो, माघात पडलेला असतो. मी ते पान तेव्हा वाचलं असतं तर मीही सही केली असती. ड्रम आले, दुकानाबाहेर एकावर एक रचले, आणि रांग एवढी उंच झाली की टेलरची पाटी झाकली गेली.

आणि त्या वर्षी आभाळाचं बिनसलं. चैत्रात अवकाळी आला, मग पुन्हा आला. वर कालव्याला उन्हाळ्यात पाण्याची एक जादा पाळी सुटली. विहिरींना पाझर आले, टँकर आलाच नाही, आणि बाया हंड्यानं पाणी नेताना आमच्या ड्रमांकडं नुसतं बघून पुढं जाऊ लागल्या. आबा रोज सकाळी दुकान उघडलं की पहिल्या ड्रमवर टपली मारत. ढब्ब. "डोकं कुठं गेलतं?" ते ड्रमलाच विचारत, पण आत वहिनी झाडत असत, आणि प्रश्न कोणाला आहे हे तिघांनाही माहीत असे.

वहिनी एकदाच म्हणाल्या, "मामा, अवकाळीचं मला कसं कळावं?"

"इतरांनी न्हाई घेतले ड्रम. त्येंना कसं कळलं?" आबा म्हणाले. इतरांनाही काही कळलं नव्हतं. त्यांनी नुसते घेतले नव्हते. पण हे मला आज लिहिताना सुचतंय, तेव्हा सुचलं नाही.

मग वैशाखातली ती दाट तिथी आली. एकाच दिवशी तालुक्यात इतकी लग्नं की बँडवाले अर्धे इकडं अर्धे तिकडं वाजवत होते. तिथीच्या तीन दिवस आधी पेठेची विजेची डीपी जळाली. लाइट गेली ती गेली. नवी डीपी आज येते, उद्या येते. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी मान टाकून मोकळा झाला. दुकानात भांडी आहेत, गिऱ्हाईक आहे, आणि नाव घालता येत नाही. आमचंच नाही, पेठेतल्या सगळ्या भांड्यांच्या दुकानांचं तेच.

आणि आलं कोण? मामा. लग्नात मामाचा मान मोठा, मामाचा आहेर मोठा, आणि मामा नेहमी आदल्या दिवशीच जागा होतो. सकाळपासून पागोटेवाले, टोपीवाले, जीन्सवाले मामा दुकानाच्या पायरीवर उभे राहून माझ्यावर ओरडत होते.

"बिगरनावाचं भांडं कसं नेऊ? भैन काय म्हनंल?"

मी घाम पुसत सगळ्यांना हात जोडत होतो. तेवढ्यात वहिनी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, माळ्यावर बघा की."

मी क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिलो, आणि मग माकडासारखा शिडी चढलो. दोन तासांत पन्नास ताटं गेली. पहिल्या मामानं ताट उन्हात धरून मोठ्यानं वाचलं तेव्हा पायरीवर टाळ्या पडल्या. दोन काकांनीसुद्धा घेतली. "नवरदेवाकडच्यांना काय म्हाईत मी मामा का काका?" त्यातला एक म्हणाला. राहिलं फक्त ते एक, मामा कडू.

आबा एका लग्नाच्या हळदीला बाहेरगावी गेले होते. संध्याकाळी आले तर टेलर त्यांना रस्त्यातच भेटला आणि त्यानं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आबा दुकानात आले ते हात पसरूनच.

"डोकं लावलं! काय डोकं लावलं पोरानं! दाट तिथी, मामांची गर्दी, लाइटीचा भरोसा न्हाई, ह्ये माघातच वळखलं आन् करून ठिवलं!"

आता इथं मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आबांनी मला उभ्या आयुष्यात त्या शब्दांत कधी शाबासकी दिली नव्हती, आणि ती इतकी गोड लागली की मी तोंड मिटून घेतलं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी पातेली नीट लावायला लागलो. लाज वाटली नाही असं नाही. वाटली, पण खाली दाबता आली.

पुढं माझा तो किस्सा देवगाव फाट्याच्या शेजारी जाऊन बसला. चहाबरोबर आता दोन गोष्टी मिळू लागल्या. प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडे. श्रावणापर्यंत मी डीपी जळणार हेसुद्धा आधीच ओळखलेलं होतं.

दसऱ्याला पूजा झाली. आबांनी पिशवीला कुंकू लावलं, उचलली, आणि वहिनींच्या समोरून नेऊन माझ्या हातात ठेवली.

"औंदा तू," ते म्हणाले. "ड्रमावानी करू नको म्हंजे झालं."

वहिनींच्या हातात आरतीचं तबक होतं. त्यांनी मला कुंकू लावलं, तबक खाली ठेवलं, आणि एवढंच म्हणाल्या, "संभाळून जा भाऊजी. चेन तुटकी हाय तिची." मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. माझ्या बायकोनं मला त्या दिवशी विचारलं, "तुमाला गोड लागलं का जेवण?" पुरणपोळी होती, आणि मला आठवतंय, मी अर्धीच खाल्ली होती.

दिवाळीच्या खरेदीला मी पिशवी घेऊन नांदेडला गेलो. घाऊक व्यापाऱ्यानं गादीवर बसवलं, चहा मागवला.

"सूनबाई न्हाई आल्या?" त्यानं विचारलं. "त्या आल्या की आधी मलाच धा प्रश्न विचारत्यात. ह्ये कुटं खपायलंय, कोन घ्यायलंय, परत किती आलं. घाम फोडत्यात. तुमी बोला शेठ, काय देऊ?"

काय देऊ? मी चहुबाजूंनी चकचकणाऱ्या भांड्यांकडं बघितलं. सगळंच घ्यावंसं वाटत होतं आणि काहीच घ्यायचं कारण सापडत नव्हतं. यादी काढावी म्हणून पिशवीत हात घातला तर हाताला वही लागली. वहिनींची. त्यांनी ती काढून घेतलीच नव्हती. मी सहज पानं चाळली. ड्रमांचं पान आलं. सगळी कारणं पुन्हा वाचली, एकेक. त्यात मला एकही चूक सापडली नाही. खाली नंतर काही लिहिलेलं नव्हतं, ना सारवासारव, ना रडगाणं. पुढच्या पानावर होतं: "एकावन्न ताटं, नाव घालून. कामून:" आणि त्यापुढं रिकामं. माझ्यासाठी जागा सोडली होती त्यांनी, आठ महिने.

चहा थंड झाला. मी व्यापाऱ्याला नमस्कार केला आणि रिकामी पिशवी घेऊन एस्टीत बसलो. सगळ्या रस्त्यानं मला स्वतःचा राग येत होता, आणि खरं सांगायचं तर थोडा वहिनींचाही. चांगल्या माणसांचा राग येतो तसा.

"काय आनलं?" आबांनी दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं.

"काही नाही."

"कामून?"

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी वही काढली, काउंटरवर उघडली, आणि आबांच्या आणि वहिनींच्या समोर त्या रिकाम्या जागेत लिहिलं, "ऐकण्यात चूक." मग आचारीमामांचा फोन, गिरणीची घरघर, माळा, सतरंजी, सगळं सांगून टाकलं. माळ्यावर बघा असं कोण म्हणालं, तेही सांगितलं.

आबा ऐकत होते. "पन खपली न्हवं?" ते शेवटी म्हणाले.

"खपली."

"मंग झालं की. जमलं त्येच डोकं."

"म्हणजे डीपी जळाली नसती तर मी गाढव, आणि जळाली म्हणून शहाणा? डीपी का मी जाळली?" माझा आवाज चढला. मी चिडलो की आवाज असा चढतो की रस्त्यावरचं गिऱ्हाईक ऐकायला थांबतं. "आणि वहिनींनी एवढं विचारून-सवरून घेतलं, तर आभाळानं घात केला म्हणून त्यांचं डोकं गेलतं? आभाळाची पिशवी काय त्यांच्या हातात होती?"

"मला शिकवायलास?" आबा उठले. चप्पल घातली, उलटसुलट घातली, पुन्हा काढून नीट घातली, आणि घरी निघून गेले. चहासुद्धा न घेता. आमच्या घरात ही मोठी घटना आहे.

चार दिवस ते दुकानात आले, बसले, बोलले नाहीत. ड्रमवर टपलीही मारली नाही. पाहुणे आले, चहा झाला, आणि ना पहिली गोष्ट निघाली ना दुसरी. पाहुण्यांनाच चुकल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आबांनी घसा खाकरला.

"सूनबाई, वही काढ."

वहिनींनी काढली.

"लिही. दुकान. मानवत." मग ते थांबले. रस्त्याकडं बघत राहिले. "कामून... जिंतूरची एस्टी हुकली."

आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघतच राहिलो. माझा अख्खा देवगाव फाटा पायाखालून सरकला. वहिनींनी पेन टेकवलेलं तसंच धरून अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "हुकली कामून, मामा?"

आबा कानामागं खाजवायला लागले.

"भजी गरम व्हती," ते म्हणाले. "खाऊस्तोवर गेली एस्टी. फुडची तीन तासांनी. समोर मानवतची लागली, बसलो."

मी हसलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आबा आधी रागानं बघत होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले. वहिनींनी मात्र हसण्याआधी वहीत नीट लिहिलं: भजी गरम होती.

ते दुकान चाळीस वर्षं चालत आलंय, त्यात आमची शिक्षणं झाली, लग्नं झाली. आबांनी त्यात कष्ट केले, गिऱ्हाईक जपलं, तोलून-मापून राहिले. हे त्यांचं खरं डोकं, पण त्याची गोष्ट त्यांनी कधी कोणाला चहाबरोबर सांगितली नाही. सांगत राहिले ती अर्ध्या तासाची, जी झालीच नव्हती. मला त्यांची तेव्हा फार माया आली. मीही पन्नास ताटांवर तेच करायला निघालो होतो.

ड्रमांचं पुढं काय झालं, असं आता तुम्ही विचाराल. टेलर विचारतो, मेहुणा विचारतो. मी सांगत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते खपले म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बघा, बाईनं डोकं लावलं होतं. पडून राहिले म्हटलं तर म्हणाल, आबांचं काय चुकलं? दोन्हीकडून वहिनींचं अर्धं पान वाया जाणार. ते माघात लिहिलं तेव्हाच बरोबर होतं, आणि माझ्या ताटांवर माघात नाव घातलं तेव्हाच ती चूक होती.

पण त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली. हसणं संपल्यावर आबा उठले, आत गेले. वहिनींनी ते उरलेलं एक ताट चहाचे कप ठेवायला घेतलं होतं. आबांनी त्यातले कप बाजूला ठेवले, ताट धोतराच्या सोग्यानं पुसलं, त्यावर पिशवी ठेवली, आणि दोन्ही हातांनी ते वहिनींपुढं धरलं. दसरा होऊन गेला होता, कुंकू नव्हतं, मुहूर्त नव्हता.

"घे, पोरी," ते म्हणाले. "मामाकडून."

वहिनींनी ताट घेतलं. पिशवी बाजूला केली, तेव्हा खाली अक्षरं दिसली. आबांनी चष्मा खाली करून, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं. "मा-मा क-डू." मी जीभ चावली. सतरा वेळा फेकून द्यायला हवं होतं ते ताट.

आबांनी पुन्हा एकदा वाचलं. "बरुबर लिवलंय," ते हळूच म्हणाले. "मामा कडूच हाय. ड्रमावर टपल्या मारत व्हता."

वहिनींनी डोळे पुसले, ताट मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं हात पुढं केला. मी मशीन दिली. लाइट होती. त्यांनी बटण दाबलं, टर्रर्र झालं, आणि कडूच्या पुढं जेवढी जागा राहिली होती तेवढ्यात त्यांनी बारीकसा 'न' बसवला.